पहिला प्रश्न जपून विचारा

बेंगळुरूमधली शुक्रवारची संध्याकाळ. होसूर रोडजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. दाराबाहेर चपला-बुटांचा ढीग. आत सतरंजीवर दहा-बारा तरुण मुलंमुली गोल करून बसलेली. एकाच्या मांडीवर गिटार, मधोमध केळ्याच्या वेफर्सची ताटली, कुणाच्या हातात बायबल तर कुणाच्या हातात मोबाइल. चर्चच्या तरुण मंडळाचा हा छोटा गट. कुणी त्याला सेल ग्रुप म्हणतं, कुणी केअर ग्रुप. आठवड्यातून एकदा जमायचं, गाणी म्हणायची, बायबलमधला एखादा उतारा वाचून त्यावर बोलायचं आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायची.

कल्पना करा, अहिल्यानगर जिल्ह्यातून नोकरीसाठी आलेला एक मुलगा आज इथे पहिल्यांदाच आलाय. शहरात येऊन त्याला जेमतेम तीन आठवडे झालेत. खोलीतल्या सोबत्याशी 'लाइट बंद करू का?' एवढंच काय ते बोलणं. रविवारी चर्चबाहेर कुणीतरी म्हणालं, 'शुक्रवारी ये ना!' म्हणून हा आला आणि दाराजवळची जागा धरून बसला.

गटप्रमुख टाळी वाजवून म्हणतो, 'चला, आधी आइसब्रेकर! प्रत्येकानं नाव, गाव, कंपनी सांगायची आणि या आठवड्यात देवानं तुमच्या आयुष्यात काय अद्भुत केलं, तेही!'

झालं! एकीला बढती मिळालेली. दुसऱ्याच्या हातात अमेरिकेचा व्हिसा. तिसरी तर अस्खलित इंग्रजीत पाच मिनिटं साक्ष देते. पाळी फिरत फिरत दाराजवळ येते. मुलगा नाव सांगतो, गाव सांगतो आणि गप्प होतो. या आठवड्यात त्याच्या आयुष्यात अद्भुत असं काहीच घडलेलं नाही. घरच्या आठवणीनं दोनदा जेवण गेलं नाही, एवढंच. पण ते दहा अनोळखी माणसांसमोर सांगायचं कसं? आणि तेही इंग्रजीत?

पुढच्या शुक्रवारी दाराजवळची जागा रिकामी असते. 'त्याला इंटरेस्ट नसेल,' असं म्हणून गट पुढे जातो. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. तरीही आलेला माणूस गेला आणि तो पहिल्याच प्रश्नाला गेला!

बर्फ कुठला आणि बोट कुठली?

आइसब्रेकर म्हणजे खरं तर गोठलेल्या समुद्रातला बर्फ फोडत वाट काढणारी बोट. अनोळखी माणसांमधला संकोच मोडण्यासाठी जो हलकाफुलका प्रश्न किंवा खेळ सुरुवातीला घेतात, त्याला हेच नाव पडलं. आपल्याकडे बर्फ नाही, पण ही युक्ती आपल्याला नवी नाही. एसटीत शेजारी बसलेले आजोबा 'कुठलं पाव्हणं?' म्हणून सुरुवात करतात, तो आइसब्रेकरच. नव्या सुनेला उखाणा घ्यायला लावतात, तोही तोच प्रकार. उखाण्यातली गंमत पाहा. लाजऱ्या मुलीला कुणी 'तुझं नवऱ्यावर किती प्रेम आहे ते सांग' असं विचारत नाही. तिला दोन ओळींचा साचा दिला जातो. त्यात नाव बसवलं की सगळे हसतात आणि ती त्या घरातली होऊन जाते. चांगल्या पहिल्या प्रश्नाचं सगळं शास्त्र त्या उखाण्यात आहे.

ख्रिस्ती मंडळींमध्ये अशा छोट्या गटांची परंपरा जुनी आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल गावी 1742 साली जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. ते फेडायला बारा-बारा माणसांचे गट करून दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायचं ठरलं. वर्गणीला घरोघर गेलेल्या गटप्रमुखांना माणसांची सुखदुःखं कळू लागली आणि वर्गणीचे गट हळूहळू आपुलकीचे गट झाले. पुढे 1844 साली लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स या कापडाच्या दुकानातल्या बावीस वर्षांच्या नोकरानं आपल्यासारख्याच काही तरुणांना जमवून वायएमसीए सुरू केली. गाव सोडून मोठ्या शहरात आलेली, दिवसभर राबणारी आणि संध्याकाळी एकटी पडणारी ती पोरं होती. आज बेंगळुरूच्या पीजीमध्ये राहणाऱ्या मुलांपेक्षा त्यांची कहाणी फारशी वेगळी नव्हती.

आईचा प्रश्न चोविसावा!

मग पहिला प्रश्न कसा असावा? मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी पडतो. त्यांनी अनोळखी माणसांच्या जोड्या केल्या आणि त्यांना पाऊण तासासाठी 36 प्रश्न दिले. नुसत्या वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा ही माणसं एकमेकांना अधिक जवळची वाटू लागली. यातली खुबी प्रश्नांच्या क्रमात होती. पहिला प्रश्न अगदी साधा. जगातल्या कुणालाही जेवायला बोलवायचं झालं, तर कुणाला बोलवाल? आईशी तुमचं नातं कसं आहे, हा प्रश्न येतो चोविसावा! दाराची कडी वाजवण्याआधी कुणी देवघरात शिरत नाही, तसंच हे.

अमेरिकेतल्या चर्चगटांमध्ये 'क्वेकर प्रश्न' म्हणून चार प्रश्न फार वापरले जातात. तुम्ही सात ते बारा वर्षांचे असताना कुठे राहत होता? थंडीत घर कशानं गरम व्हायचं? घरात सगळ्यात मायेची ऊब कुणाकडे मिळायची? आणि देव हा नुसता शब्द न राहता जवळचा कधी वाटू लागला? पहिले दोन प्रश्न घराचे, तिसरा माणसांचा आणि देवाचा थेट चौथा. तिसऱ्या प्रश्नात आई किंवा वडील असं म्हटलेलं नाही, हेही लक्षात घ्या. आजीनं वाढवलेला, बोर्डिंगात राहिलेला, अनाथ असलेला, सगळ्यांनाच उत्तर देता येतं.

आता बेंगळुरूमध्ये किंवा कोल्हापुरात घर गरम करायचा प्रश्नच नाही. तिथे थोडा बदल करायचा. 'लहानपणी तुमच्या घरी आंघोळीचं पाणी कशावर तापायचं?' विचारून पाहा! कुणी तांब्याच्या बंबाची गोष्ट सांगेल, कुणी मागच्या अंगणातल्या चुलीची, कुणी नारळाच्या झावळ्यांची, तर कुणी गीझरसाठी लागणाऱ्या रांगेची. वसईचा मुलगा, केरळची मुलगी आणि मिझोरामचा मुलगा पाच मिनिटांत एकाच धुरात डोळे चोळायला लागतील.

'तू कुठला?' हा प्रश्न सोपा नाही

बेंगळुरूच्या अशा गटात तमिळ, मल्याळी, मंगळुरी, मराठी, नागा, मिझो अशी सगळी मुलं एकत्र येतात. त्यामुळे 'तू कुठला?' हाच प्रश्न सगळ्यात सोपा वाटतो. पण या शहरात त्याला एक आठवण चिकटलेली आहे. ऑगस्ट 2012 मध्ये आसाममधल्या हिंसाचारानंतर मोबाइलवरून अफवा पसरल्या आणि ईशान्य भारतातली हजारो माणसं घाबरून काही दिवसांत बेंगळुरू सोडून निघाली. त्यांच्यासाठी गुवाहाटीकडे जादा गाड्या सोडाव्या लागल्या. रस्त्यात, रिक्षात, घरमालकाच्या दारात 'तू कुठली? आपल्याच देशाची का?' हे ज्या मुलीनं हजारदा ऐकलंय, तिला तेच प्रार्थनेच्या सतरंजीवरही ऐकावं लागलं तर तिचा संकोच आणखीच घट्ट होतो.

मराठी ख्रिस्ती मुलांचा जाच वेगळा. 'नाव डेव्हिड आणि आडनाव मराठी? मग तुम्ही मूळचे कोण?' या 'मूळचे कोण'मागे बरेचदा जात विचारलेली असते, हे विचारणाऱ्यालाही कळतं आणि ऐकणाऱ्यालाही. म्हणून आडनावाची चौकशी पहिल्या दिवशी नकोच. नाव पुरे. गाव ज्याला सांगायचं असेल तो आपणहून सांगेल, आणि अभिमानानं सांगेल.

गटप्रमुखासाठी काही पथ्यं

उत्तर एका मिनिटात देता यावं आणि ते चुकण्याची भीती नसावी.

पगार, कंपनी, कॉलेज, लग्न यांची तुलना होईल असं काही विचारू नये.

भक्तीची परीक्षा घेऊ नये. 'रोज किती वेळ प्रार्थना करतोस?' या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही.

पहिलं उत्तर प्रमुखानं स्वतः द्यावं, तेही छोटं आणि साधं. तो जेवढं बोलेल, तेवढंच बाकीचे बोलतात.

'पास' म्हणायची मुभा असावी आणि ती सुरुवातीलाच मोठ्यानं सांगावी. ज्यानं 'पास' म्हटलं, त्याला 'का रे?' विचारू नये.

मोडक्या इंग्रजीला हसू नये. 'हिंदीत सांग, आम्हाला कळेल,' एवढं म्हटलं तरी जीव भांड्यात पडतो.

इथलं बोलणं इथेच राहावं. 'तिच्यासाठी प्रार्थना करा हं,' असं म्हणत दुसऱ्याची अडचण चार जणींना सांगणं म्हणजे हात जोडून केलेली चहाडीच!

विचारावेत असे प्रश्न

शाळेच्या डब्यात काय असलं की आनंद व्हायचा?

बेंगळुरूमध्ये पहिल्यांदा रस्ता चुकलात, तेव्हा काय झालं?

घरून आलेली कुठली वस्तू तुमच्या खोलीत आहे?

पावसात अडकून पडल्याची एखादी आठवण?

नाताळच्या आदल्या दिवशी तुमच्या घरी कसला वास येतो?

घरचं कुठलं काम करायला आवडतं आणि कुठलं टाळता?

तुमच्या भाषेतला एखादा शब्द आम्हाला शिकवा.

नाताळचा प्रश्न विचारताना तेवढं भान ठेवावं. गटात आलेला प्रत्येक जण ख्रिस्ती घरात वाढलेला असेलच असं नाही. तो दिवाळीच्या पहाटेचा वास सांगू लागला, तर तेही तितक्याच कौतुकानं ऐकावं.

आणखी एक युक्ती. प्रश्न त्या दिवशीच्या उताऱ्याशी जोडता येतो. हरवलेल्या मेंढराचा दाखला वाचायचा असेल, तर आधी विचारावं, 'तुमची शेवटची हरवलेली वस्तू कुठली आणि ती शोधायला किती आटापिटा केलात?' किल्ली, चष्मा, मोबाइल यांच्या गोष्टी निघतात, हशा होतो आणि मग एका मेंढरासाठी रानोमाळ फिरणारा मेंढपाळ लगेच समजतो.

आधी पाणी, मग बाकीचं

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात एक प्रसंग आहे. भर दुपारी येशू ख्रिस्त थकून विहिरीजवळ बसलेले असतात. पाणी भरायला शोमरोनी जातीची एक स्त्री येते. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात तेव्हा व्यवहार नव्हता. त्या स्त्रीच्या आयुष्यातली अवघड गोष्ट, तिचे पाच नवरे, येशूंना ठाऊक असते. पण संभाषणाची सुरुवात ते तिथून करत नाहीत. ते तिच्याकडे प्यायला पाणी मागतात. पाण्यावरून विटाळ काय असतो, हे ज्या महाराष्ट्रानं 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर पाहिलं, त्याला या मागण्याचं मोल वेगळं सांगायला नको. ज्यांच्या भांड्याला हात लावायचा नाही, त्यांच्याकडेच पाणी मागितलं! नवऱ्यांचा विषय निघतो, पण बऱ्याच नंतर.

ही गोष्ट चर्चपुरती नाही. सोसायटीत नवं बिऱ्हाड येतं, भिशीत नवी मैत्रीण येते, घरात नवी सून येते. आपले पहिले प्रश्न काय असतात? 'मिस्टर काय करतात? फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा? मुलं किती? अजून नाही?' आपल्याला ती चौकशी वाटते, समोरच्याला ती उलटतपासणी वाटते.

पुन्हा त्या तिसऱ्या मजल्यावर जाऊ या. समजा, त्या शुक्रवारी गटप्रमुखानं एवढंच विचारलं असतं, 'लहानपणी तुमच्याकडे पाणी कशावर तापायचं?' दाराजवळचा मुलगा क्षणभर थांबला असता. मग म्हणाला असता, 'चुलीवर. आई पहाटे उठून पेटवायची.' आणि कुणीतरी वेफर्सची ताटली त्याच्याकडे सरकवत म्हटलं असतं, 'आमच्याकडेही!'

पुढच्या शुक्रवारी तो बहुतेक आत सरकून बसला असता.