बागेला पाणी कोण घालणार?

‘आठवणींची बाग’ हे शब्द शाळेच्या निरोप समारंभापासून श्रद्धांजलीपर्यंत सगळीकडे आपल्या कानांवर पडतात. डोळ्यांपुढे येतात ती फुले, हिरवळ आणि एखादे निवांत बाकडे. आमच्या भडगावकडे मात्र बाग म्हटले की कोणाला फुले आठवत नाहीत. गिरणाकाठी बाग म्हणजे केळीची, नाहीतर लिंबाची. कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसायचे, रात्री-अपरात्री वीज येईल तेव्हा उठून पाणी द्यायचे, तेव्हा ती उभी राहते. वैशाखात पाण्याच्या पाळ्या चुकल्या तर तिचे काय होते, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. नात्यांना बागेची उपमा द्यायचीच, तर मी या बागेची देईन.

केळीचे खोड एकदाच घड देते. घड उतरवला की त्याचे काम संपते. पण बुंध्याशी राखलेले पील वाढत असते आणि उभ्या ठेवलेल्या जुन्या खोडातले सत्त्व त्याला मिळत राहते. यातून उभी राहते ती पिलबाग. घरातली वडील माणसे गेल्यावर नात्यांचेही असेच होते. आई-वडील होते तोवर सगळे आपोआप जमत होते. पुढची बाग मात्र कोणीतरी राखावी लागते.

आमच्या आखाजीला हे जुने शहाणपण आहे. अक्षय्य तृतीयेला खानदेशात पितरांच्या नावाने पाण्याची घागर पुजतात आणि त्याच सणाला सासुरवाशिणी माहेरी येऊन निंबाच्या झाडावर झोके घेतात. गेलेल्यांची आठवण आणि असलेल्यांची भेट, दोन्ही एकाच सणात.

पण आई-वडिलांमागे बहिणीला पहिला निरोप कशाचा जातो, आखाजीचा की हक्कसोडपत्रावरच्या सहीचा? २००५ च्या कायदा-दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. तरीही ‘माहेर तुटेल’ या धास्तीने कित्येकजणी मुकाट्याने सही करतात. भावाच्या वाट्याला दोन-चार एकर आणि डोक्यावर कर्ज असते, हे बहिणीलाही कळते. समजून-उमजून ती हक्क सोडत असेल, तर तो तिचा मोठेपणा. पण माहेर राखण्याची किंमत तिच्या एकटीकडून वसूल करणे मला मान्य नाही. एकाने पाणी घालायचे आणि दुसऱ्याने घड उतरवायचे, याला वाटेकरी म्हणत नाहीत.

तेव्हा भावांनो, आखाजीचे बोलावणे सहीवर अवलंबून ठेवू नका. तिने हक्क सोडला तरी बोलवा, मागितला तरी बोलवा. आईच्या आठवणी बहिणीकडेही आहेत, आणि त्यांची वाटणी कोणत्याही तलाठ्याला करता येत नाही.