पूर ओसरतो, मनाचे काय?

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ऑगस्ट २०१९ मध्ये ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग ओढवला. चिखली-आंबेवाडीपासून शिरोळ तालुक्यापर्यंत गावेच्या गावे जलमय झाली. तालीम मंडळे, स्वयंसेवी संस्था आणि सामान्य नागरिक यांनी तेव्हा केलेले मदतकार्य या मातीच्या लौकिकाला साजेसेच होते. भाकरी पोहोचली, कपडे पोहोचले, पंचनामेही झाले. परंतु ज्या जखमेचा पंचनामा होत नाही, तिचे काय?

रात्री पावसाचा जोर वाढला की दचकून उठणे, वारंवार नदीची पातळी पाहणे, दावणीला बांधलेल्या जनावरांच्या आठवणीने घास न उतरणे, ही लक्षणे भित्रेपणाची नव्हेत. तो मनावरचा आघात आहे. अशा माणसाला ‘झाले ते विसरा’ असे सांगणे निरर्थक. आणि पहिल्याच भेटीत सारे उगाळायला लावणे घातक. आपत्तीनंतर लगेच सक्तीने अनुभवकथन करवून घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. आधी सुरक्षिततेची खात्री, मग विश्वास आणि बोलायचे की नाही याचा निर्णय त्या व्यक्तीकडे, हा आघाताची जाण ठेवून केलेल्या उपचारांचा क्रम आहे.

येथेच ओळखीचा प्रश्न येतो. नृसिंहवाडीला दत्तमंदिरात पाणी शिरून दक्षिणद्वाराने बाहेर पडले की भाविक स्नानासाठी धाव घेतात; तेच पाणी आणखी चढत गेले की शेजारचे गाव घर सोडून निघते. एकाच नदीविषयी श्रद्धा आणि धास्ती एका मनात कशी नांदते, हे ज्याला उमगत नाही, तो शिरोळच्या शेतकऱ्याला काय धीर देणार? रुग्णाची भाषा, श्रद्धा, व्यवसाय, कुटुंब हे उपचारातील अडथळे नव्हेत. तेच त्याचे बळ आहे. परक्या भाषेतील प्रश्नावलीपुढे माणूस उत्तरे देतो, मन मोकळे करीत नाही.

१२ राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित राहतात. तज्ज्ञ शहरात आणि रुग्ण खेड्यात, ही दरी दूरस्थ समुपदेशन काही अंशी बुजवू शकते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते. त्यासाठी महागडा मोबाइल लागत नाही. ‘वेड्यांचा डॉक्टर’ गाठताना कोणी पाहील, ही भीतीही उरत नाही.

अर्थात, पडद्यावरचा उपचार सर्वस्वी निर्धोक नाही. एका खोलीच्या घरात एकांत कोठून आणायचा? पलीकडची व्यक्ती खरोखर प्रशिक्षित आहे, हे कसे ओळखायचे? समुपदेशकाची पात्रता विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. संकटाच्या क्षणी पोहोचू शकेल अशा जवळच्या माणसाचा संपर्क आधीच घेऊन ठेवणे, हे समुपदेशकाचे कर्तव्य आहे. गंभीर आजारात प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही.

ओळखीचा आदर निवडक असून चालणार नाही. लिंग, लैंगिक कल, धर्म, संस्कृती, जात यांवरून उपचारांत भेदभाव करण्यास मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मनाई करतो. लैंगिक कल ‘बदलून देण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. सौंदत्तीच्या डोंगरावर जोगत्यांपुढे हात जोडणाऱ्या समाजाने, तशीच व्यक्ती आपल्या घरात दुःखी असताना तिला वैदूच्या किंवा मांत्रिकाच्या हवाली करावे, ही विसंगती आहे.

विषादाला या भूमीने कधी कमी लेखलेले नाही. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन बोलतो आणि श्रीकृष्ण ऐकून घेतो. उपदेश त्यानंतर येतो. ऐकून घेणारी माणसे घडविणे, हेच आजचे काम आहे. पावसाळ्यापूर्वी नावा तपासल्या जातात, निवारा केंद्रे ठरतात. त्याच यादीत प्रत्येक पूरप्रवण गावातील दोन प्रशिक्षित श्रोते असावेत, निवारा केंद्रात एकांताची एक खोली असावी आणि १४४१६ हा क्रमांक ठळक लिहिलेला असावा. पाणी उतरल्यानंतरही सहा महिने या माणसांची विचारपूस व्हावी. चिखल काढणारे हात कोल्हापुराकडे पुष्कळ आहेत. आता ऐकणारे कानही तितकेच तयार व्हायला हवेत.