खोपा टांगण्याआधी



चाळीत, वसाहतीत, पत्र्याच्या खोलीतही हल्ली पिंजरा दिसतो. आत निळ्या-पिवळ्या पाखरांची जोडी. आपण त्यांना 'लव्हबर्ड' म्हणतो. बहुधा ती असतात बजरीगर, मूळची ऑस्ट्रेलियाची. जॉन गूल्ड या पक्षीतज्ज्ञाने १८४० साली ती जिवंत इंग्लंडला नेली. आपल्याकडे मिळणारी पिंजऱ्यातच जन्मलेली असतात. (आपला देशी पोपट किंवा मुनिया पाळणे मात्र १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. विकणारा हे सांगत नाही.)

मुले हट्ट धरतात, "पप्पा, त्यांना घर करा ना!" घर करणे सोपे आहे. पण खोपा म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. तो नसेल तर जोडी सहसा अंडी घालत नाही. टांगला की थोड्याच आठवड्यांत घालू लागते. दिवसाआड एक, अशी चार ते सहा. सुमारे अठरा दिवसांत अंडे फुटते, महिना-पाच आठवड्यांत पिल्लू बाहेर येते आणि मादी पुन्हा बसते. दोनाची दहा व्हायला वर्ष लागत नाही.

म्हणून करवत हाती घेण्याआधी घरात बसून ठरवावे, पिल्ले जाणार कुठे? भगवान बुद्धांनी उपासकांना वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत प्राण्यांचा व्यापार आहे. अंगुत्तर निकायात ते आले आहे. चार पैशांसाठी पिल्ले बाजारात नेणे त्यातच मोडते, असे आम्ही मानतो. काहीजण वैशाख पौर्णिमेला पिंजरा उघडून पाखरे उडवतात. भावना मैत्रीची, पण त्या पाखराला दाणा शोधता येत नाही आणि कावळा, घार, मांजर टपलेलेच असतात. ते दान नव्हे, बळी देणे आहे. नीट सांभाळणारी दोन-तीन घरे आधी तयार असतील तरच खोपा करावा. नसतील तर जोडी खोप्याविनाही आनंदात राहते.

आता कृती. बारा मिलिमीटरचा प्लाय, अडीच चौरस फूट. दुकानात उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. उग्र वासाचा, रंगवलेला किंवा वाळवीचे औषध मारलेला नको. पुढची-मागची फळी ७ बाय ९ इंच, बाजूच्या दोन ६ बाय ९, तळ ६ बाय ६, झाकण ७ बाय ७. झाकणाला बिजागरी लावावी, म्हणजे रोज डोकावता येते. मडक्यात हीच अडचण असते. आत काय चालले आहे ते दिसत नाही आणि धुताही येत नाही. पुढच्या फळीत वरच्या बाजूला दीड इंचाचे भोक, त्याखाली बसायला दांडी. बाजूंना वर गिरमिटाने चार-पाच बारीक भोके, हवेसाठी.

खरे काम तळाचे आहे. सपाट तळावर अंडी घरंगळतात आणि पिल्लांचे पाय फाकतात. ती जन्मभर लंगडी राहतात. म्हणून इंचभर जाड लाकडाचा तुकडा घेऊन गोल पटाशीने त्यात बशीसारखी अर्धा इंच खोल खोलगट कोरावी आणि तो आत बसवावा. खोलगट भोकाच्या थेट खाली नको, नाहीतर उडी मारून आत येणारी मादी अंड्यांवरच पडते. कापूस, चिंध्या काही घालू नये. आतून रंग, पॉलिश नको. खिळ्यांची टोके बाहेर आलेली नाहीत ना, हे बोटाने चाचपावे.

खोपा पिंजऱ्यात उंचावर, पण तापणाऱ्या पत्र्यापासून दूर टांगावा. जोडी वर्षाची झालेली असावी. राळे-बाजरीबरोबर भिजवलेले मूग, मेथी, कोथिंबीर द्यावी आणि कवचासाठी समुद्रफेन. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो.

दोन वेळा पिल्ले निघाली की, आत अंडे नाही हे पाहून खोपा उतरवावा, उकळत्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावा आणि माळ्यावर ठेवून द्यावा. मादी चार दिवस शोधते, मग विसरते.