लहान मुले बरोबर असतील तर युरोपात एकच शहर

मुलांना घेऊन युरोपात कुठे जावे, असे कापड बाजारातले दोस्त विचारतात. दहा दिवसांत सात देशांच्या सहलीत पैसा जातो आणि पोरे बसमध्येच झोपतात. माझे मत, एकच शहर घ्यावे, व्हिएन्ना. तिथले शोनब्रुन प्राणिसंग्रहालय १७५२ पासून चालू आहे. ट्राममध्ये सहा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. तुर्की वस्ती मोठी, त्यामुळे हलाल जेवण मिळते. जून २०२४ पासून व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना माफ. राहिली लग्नसराई! मे महिन्यात दुकान सुटत नाही, हे खरे. पण शाळा उघडण्याआधी जूनचा पहिला आठवडा उरतो. तेवढे दिवस गल्ला भावाकडे सोपवा.