तिची मर्जी, त्याचा नाइलाज



गटाच्या बैठकीत एखादी नवी बाई पहिल्यांदा मन मोकळं करते, तेव्हा तिच्या बोलण्यात हमखास सटवी येते. पाचवी-सहावीच्या रात्री सटवी बाळाच्या कपाळावर लिहून जाते. ते लिखाण कुणाला वाचता येत नाही आणि पुसताही येत नाही. "माझ्या नशिबी हेच होतं ताई," असं म्हणून ती बाई डोळे पुसते. थोड्या वेळाने विषय सुनेवर येतो आणि तीच बाई म्हणते, "तिला नांदायचंच नव्हतं. मनात असतं तर राहिली असती." स्वतःच्या वाट्याला नशीब आणि सुनेच्या वाट्याला मर्जी! आपण त्यावर हसतो. पण अशीच सोयीची वाटणी पोलीस ठाण्यात, कोर्टात, दवाखान्यात आणि कधी कधी आपल्या चळवळीतही होते. म्हणून या वेळी या विषयावर लिहायचं ठरवलं.

माणूस स्वतःच्या मर्जीने वागतो की सगळं आधीच ठरलेलं असतं, हा वाद फार जुना आहे. बुद्धाच्या काळात मक्खली गोशाल सांगत असे की सारं नियतीने बांधलेलं आहे, माणसाच्या प्रयत्नाने काहीही बदलत नाही. बुद्धाने या मताला कडाडून विरोध केला. 1983 साली बेंजामिन लिबेट या शास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. हात हलवायचा निर्णय आपल्याला जाणवतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत तयारी सुरू झालेली दिसते, असं त्याला आढळलं. त्याचा अर्थ काय लावायचा यावर अजून वाद चालू आहे. तो वाद विद्वानांनी जरूर घालावा. आपल्याला भेडसावणारा प्रश्न मात्र वेगळा आहे: मर्जी कुणाच्या खात्यावर मांडली जाते आणि नाइलाज कुणाच्या?

मथुरा प्रकरण आपल्याला पाठ आहे, तरी या प्रश्नासाठी ते पुन्हा आठवू या. 1972 च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. 1974 साली सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. तिची संमती होती, असं ते न्यायालय म्हणालं. 1976 साली उच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. भीतीपोटी निमूटपणे सहन करणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हे त्या न्यायालयाने ओळखलं. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फरक पुसून टाकला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची मर्जी होती! रात्रीची वेळ, सरकारी चौकी, समोर वर्दीतले पुरुष आणि बाहेर ताटकळलेले नातेवाईक. अशा जागी त्या पोरीला इच्छास्वातंत्र्य बहाल करण्यात आलं. त्याआधी तिच्या उभ्या आयुष्यात एवढं स्वातंत्र्य तिला कुणी दिलं होतं?

1979 साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. 1980 मध्ये स्त्रिया रस्त्यावर आल्या. 1983 साली कायदा बदलला आणि कोठडीतल्या बलात्कारात बाईने 'संमती नव्हती' असं सांगितलं तर तसंच गृहीत धरावं, असं ठरलं. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला मात्र 2013 साल उजाडावं लागलं.

आता दुसरं खातं पाहा. नवऱ्याने मारलं तर 'रागाच्या भरात' मारलं. दारू प्यायला होता, शुद्धीत नव्हता. पुरुषाची जातच तशी. इथे मर्जी कुठे गेली? तोच माणूस साहेबासमोर हात आवरतो, मुकादमासमोर मान खाली घालतो. त्याचा राग नेमका घराचा उंबरा ओलांडल्यावरच अनावर होतो. 1860 च्या दंडविधानापासून 'गंभीर आणि अचानक चिथावणी' हे कारण खुनाचा गुन्हा सौम्य करत आलं आहे. कागदावर ते बाईलाही लागू आहे. पण पंधरा वर्षं मार खाल्लेल्या बाईची चिथावणी 'अचानक' नसते, ती साठत गेलेली असते. त्यामुळे तिला त्या चौकटीत बसवणं अवघड जातं.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं 2019 साली गाजलं. शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. तेव्हाही 'बायका स्वतःहूनच येतात' असं ऐकवलं गेलं. कागदावर सही किंवा अंगठा असतोच. पण नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेऊन खर्च झालेली, एका दिवसाचा खाडा झाला तर दंड, फडावर न्हाणी नाही की संडास नाही, आणि पोटात दुखतं म्हणून गेलं की डॉक्टर कॅन्सरची भीती घालणार. एवढं सगळं जमून आल्यावर ती बाई 'काढून टाका' म्हणते. तिला कुणी धरून आणलेलं नसतं हे खरं, आणि तिच्यापुढे दुसरी वाट नव्हती हेही खरं.

मग सगळं परिस्थितीच ठरवते असं म्हणून थांबायचं का? तसं केलं तर आपण सटवीच्या जागी 'व्यवस्था' बसवली, एवढंच होईल. कपाळीचं लिखाण तसंच राहील. शिवाय मारणाऱ्या नवऱ्यालाही त्याच व्यवस्थेने घडवलं आहे, म्हणजे तोही सुटेल.

इथे रखमाबाई उपयोगी पडतात. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न लागलं. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं फर्मावलं. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. 1888 साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या. ही बुद्धी तिची नव्हे, इंग्रजी शिक्षणाने आणि सुधारकांनी तिला बिघडवलं, असं टीकाकार म्हणत. म्हणजे बाई 'हो' म्हणाली की ती तिची मर्जी, आणि 'नाही' म्हणाली की कुणीतरी फूस लावलेली!

पण टीकाकारांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती. रखमाबाईंचा नकार आभाळातून पडला नव्हता. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचं घर, वाचायला मिळालेली पुस्तकं आणि पाठीशी उभी राहिलेली माणसं, यांतून तो घडला. म्हणून तो त्यांचा नव्हता का? कारण असणं आणि सक्ती असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या प्रत्येक कृतीला कारणं असतात. काही कारणं आपला गळा आवळतात, काही आपल्याला बळ देतात. चळवळीचं काम ही दुसऱ्या प्रकारची कारणं वाढवण्याचं आहे.

आता थोडं आपल्याबद्दलही बोलू. 2005 साली महाराष्ट्र सरकारने डान्स बारवर बंदी घातली, तेव्हा स्त्री संघटनांमध्ये फूट पडली. काहींच्या मते त्या मुली निव्वळ शोषित होत्या, त्यांना निवड नव्हतीच. काहींनी त्यांच्या रोजीरोटीचा हक्क मांडला. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. दरम्यान हजारो मुलींची कमाई गेली ती गेलीच. ज्यांच्या मर्जीबद्दल आपण हिरिरीने भांडत होतो, त्यांना 'हे सोडलं तर दुसरं काय मिळेल?' असं आपल्यापैकी कितीजणींनी आधी विचारलं होतं? नवऱ्याकडे परत गेलेल्या बाईबद्दलही आपण असेच पटकन बोलतो. 'तिला कळतच नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा आपण त्या टीकाकारांच्या रांगेत जाऊन उभ्या राहतो.

म्हणून एक साधी कसोटी सुचवावीशी वाटते. 'तिची मर्जी होती का?' या प्रश्नावर अडून न राहता विचारावं: 'नाही' म्हणायची तिला काय किंमत पडली असती, आणि ती किंमत कुणी ठरवली होती? पुरुषाबद्दल विचारावं: हात आवरायला त्याला काय किंमत पडली असती? बहुतेक वेळा काहीच नाही! त्या एका फरकावर जबाबदारीचं माप ठरवता येतं. ही कसोटी प्रत्येक ठिकाणी पुरेल असं नाही, पण बाईला दोष देण्यापासून आणि तिला बाहुली समजण्यापासून ती आपल्याला वाचवू शकेल.

बैठकीत एखादी "तेव्हाच का नाही सोडलंस?" असं विचारते, तेव्हा तिला थांबवू या. त्याऐवजी "सोडायला काय काय लागलं असतं?" असं विचारू या. मग यादी निघते: एक खोली, दोन महिन्यांचं भाडं, स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, पोरांच्या शाळेचे दाखले, रात्री दार उघडेल अशी एक मैत्रीण. यातलं काय आपण गटातून उभं करू शकतो आणि कशासाठी सरकारशी भांडायला लागेल, तेही त्या यादीतच दिसतं.

आपापल्या गटात ही यादी करून पाहा आणि आम्हाला कळवा. पुढच्या अंकात त्यावर चर्चा करू.

— संपादक मंडळ