इतिहासाचा तास लेण्यांत भरावा

सातवाहनांचा धडा शाळेत बहुधा दोन तासांत संपतो. राजांची नावे, एक-दोन सनावळ्या आणि 'रिकाम्या जागा भरा' एवढ्यावर परीक्षेची बेगमी होते. पुढच्या वर्षी मूल ते सारे विसरते आणि इतिहास रुक्ष आहे, असा निष्कर्ष घरीदारी निघतो. वस्तुतः रुक्ष आहे ती शिकविण्याची रीत. नाशिकमध्ये तर ती अधिकच खटकते. कारण ज्या राजवंशाचा धडा मुले वर्गात पाठ करतात, त्याचे अस्सल लेख गावाजवळच्याच डोंगरात कोरलेले आहेत.

मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या पांडवलेण्यांवर शाळांच्या सहली जातात. मुले पायऱ्या चढतात, डबे खातात आणि उतरतात. भिंतीवरील ब्राह्मी अक्षरांपुढे त्यांना उभे करून अर्थ सांगणारा शिक्षक विरळाच.

दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा दानलेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापणे दरमहा शेकडा १ व्याजाने कायमची ठेविली. वर्षावासासाठी लेण्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना त्या व्याजातून वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापणे मिळावीत, ही त्यामागील योजना. सहावीच्या मुलाने हे गणित वहीत मांडावे. महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस जणांत वाटले की बरोबर १२! सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा हिशेब त्याच्या हातून जुळतो. गोवर्धन नावाचे गाव नाशिकजवळ आजही आहे, हे कळल्यावर तर धडा त्याच्या ओळखीचा होतो.

तिथून तिसऱ्या लेण्यात यावे. पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत भिक्षूंना द्यावे, अशी गौतमीपुत्र सातकर्णीची आज्ञा तिथे कोरलेली आहे. सत्ता पालटली, दानाची परंपरा मात्र खंडित झाली नाही. या सत्तापालटाचा दुसरा साक्षीदार सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभीचा. तिथे १९०६ साली नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. अशा एका नाण्याचे मोठे चित्र वर्गात लावले, तर जुन्या मुखवट्यावर उमटलेली नवी मुद्रा मुलांना स्वतः शोधता येते. याच लेण्यात मुलाच्या पराक्रमाचे वर्णन करणारा राजमाता गौतमी बलश्रीचा लेखही आहे. पुत्राचा गौरव करणाऱ्या या मातेने ते लेणे बौद्ध भिक्षुसंघाला अर्पण केले.

नाव पांडवांचे, पण भिंती नावे सांगतात ती उषवदात, गौतमीपुत्र आणि बलश्री यांची. लोककथेचा आदर राखूनही पुरावा वेगळा ओळखावा, हा धडा मुलांना इथे सहज मिळतो. पूर्वजांचा अभिमान मुलांत रुजावा, असे प्रत्येक घराला वाटते. ते योग्यच आहे. परंतु ऐकीव अभिमान पहिल्या प्रतिप्रश्नासरशी डळमळतो. स्वतः पडताळलेला अभिमान मात्र टिकतो, आणि तो अतिशयोक्तीचा आधार मागत नाही.

अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, वेळ कुठून आणणार, ही शिक्षकांची अडचण खरी आहे. तरीही सहल निघतेच. त्याच दिवशी आधी वाचलेले दोन लेख आणि एक वही सोबत न्यावी, इतकेच पुरे. शाळेला जमत नसेल, तर एखाद्या रविवारी आईवडिलांनी ते करावे. ज्या मुलाने भिंतीवरची एक ओळ समजून घेतली, ते त्या भिंतीवर आपले नाव खरडणार नाही. वारसा राखण्याची सुरुवात तिथूनच होते.