दशांशचिन्हानंतरचा आकडा

संधिवात म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे आजी-आजोबांचे दुखरे गुडघे येत असतील. परंतु जॉर्ज स्टिल या इंग्रज डॉक्टरांनी १८९७ सालीच २२ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध करून, सांध्यांचा जुनाट दाह लहानग्यांनाही होतो, हे दाखवून दिले. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला, निदान सहा आठवडे टिकलेला आणि कारण न सापडणारा दाह तज्ज्ञ आज या आजारात धरतात.

रुग्णांची मोजदाद करताना आजाराच्या नावाऐवजी संकेतांक वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या यादीत मुलांच्या संधिवाताला एम ०८ हा संकेतांक आहे. दशांशचिन्हापुढचा आकडा प्रकार सांगतो. ताप व अंगावर पुरळ आणणारा सर्वांगी प्रकार .२, मोजकेच सांधे धरणारा .४ आणि प्रकार नमूद नसेल तर .९.

माझा आक्षेप या .९ ला आहे. घाईत तो लिहिणे फार सोपे! समोरच्या मुलावरील उपचार काही संकेतांक पाहून ठरत नाहीत, हे मान्य. पण .४ मधील काही मुलांच्या, विशेषतः अगदी लहान मुलांच्या, डोळ्यांच्या आतही दाह होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही आणि दृष्टी मात्र हळूहळू जाऊ शकते. म्हणून ठराविक काळाने खास यंत्राने डोळे तपासावे लागतात. जिल्ह्यात अशी तपासणी किती मुलांना लागेल, हे .९ च्या ढिगाऱ्यातून कसे कळणार?

दोष केवळ लिहिणाऱ्याचा नाही. रक्तात 'ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर' असो वा नसो, दोन्ही मुले .० मध्ये बसतात. आणि तो नसलेल्या, अनेक सांधे सुजलेल्या मुलांसाठी.३ हा वेगळा आकडाही आहे. म्हणजे एकाच मुलाला दोन घरे! एकाच लांबीला दोन खुणा लागू पडणारी पट्टी मी तरी प्रयोगशाळेत वापरू देणार नाही. तज्ज्ञांनी कॅनडातील एडमंटन येथे २००१ मध्ये सुधारलेल्या वर्गीकरणात सात प्रकार आहेत आणि त्यांत हे दोन गट वेगळे आहेत.

जानेवारी २०२२ पासून अकरावी यादी लागू झाली. तीत या आजाराचा संकेतांक एफए २४ आहे. सगळे देश ती एकदम वापरू लागलेले नाहीत. तेव्हा एखाद्या तक्त्यात रुग्ण अचानक वाढलेले वा घटलेले दिसले, तर तो तक्ता कोणत्या यादीवरून केला, हे आधी शिक्षकांना विचारा.